फातोर्ड्यात मी कुणाकडं बघत होतो

भाऊबीज जवळ आली की ताई हमखास तो विषय काढते. ताट हातात, निरांजन लावता लावता, "यंदा कुठली मॅच नाही न्हवं तुझी?" सगळे हसतात, मी पण हसतो, पण तिच्या आवाजाला अजून धार असते, कारण २०१७ च्या भाऊबीजेला, म्हणजे २१ ऑक्टोबरला, मी कोल्हापुरात नव्हतोच. मी मडगावला होतो, फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये, इंग्लंड विरुद्ध अमेरिका, सतरा वर्षांखालच्या पोरांच्या वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल बघत. बहिणीला सोडून गेलास कुणासाठी, तर इंग्लंडच्या शाळकरी पोरांसाठी. तिला हे आजतागायत पटलेलं नाही आणि पटवून द्यावं असं माझ्याकडं पण काही नाही.

त्या वर्षी कोल्हापुरात वातावरणच तसं होतं. भारतात पहिल्यांदा फिफाचा कुठलातरी वर्ल्ड कप होत होता आणि भारताच्या टीममध्ये आपला अनिकेत जाधव होता, कोल्हापूरचा. चौकाचौकात त्याचे डिजिटल लागलेले (बाहेरगावच्या लोकांसाठी, आमच्याकडं फ्लेक्सला डिजिटल म्हणतात). भारताच्या तिन्ही मॅच दिल्लीत झाल्या, तिन्ही हरलो, अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. कोलंबियाविरुद्ध जिक्सनसिंगनं हेडर मारला तेव्हा आमच्या पेठेत जे फटाके वाजले ते दिवाळीच्या दहा दिवस आधीचे. वर्ल्ड कपमधला भारताचा तो पहिला गोल. दुसऱ्याच मिनिटाला कोलंबियानं परत गोल केला ते सोडा.

भारत बाहेर पडल्यावर आमचं ठरलं की आता एक तरी मॅच स्टेडियममध्ये बसून बघायचीच. नवी मुंबई होती, पण तिथं इंग्लंड नव्हतं. इंग्लंडनं ग्रुपच्या सगळ्या मॅच कोलकात्यात खेळल्या, जपानविरुद्धची नॉकआऊट पण कोलकात्यात (ती ०-० झाली आणि पेनल्टीवर जिंकले), सेमीफायनल-फायनल पण शेवटी तिथंच. मधे एक क्वार्टर फायनल तेवढी मडगावला. म्हणजे आमच्यासारख्यांना इंग्लंड बघायचं असेल तर ती एकच तारीख, आणि ती नेमकी भाऊबीज.

त्यात एसटीचा संप. आठवत असेल तुम्हाला, त्या दिवाळीत ऐन वसुबारसेच्या आसपास संप सुरू झाला आणि चार दिवस राज्यात लालपरी हलली नाही. कोर्टानं २० तारखेला संप बेकायदा ठरवला तोवर आमचं गाडीचं ठरून गेलेलं. गाडी डावऱ्याची, जुनी वॅगन आर. पेठेतल्या कुणालाही विचारा, त्याला डावऱ्याच म्हणतात, खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. पहाटे निघालो, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोलीत चहा, सावंतवाडी, आणि दुपारी गोव्यात. ताईला फोन केला तर तिनं उचलला नाही.

फातोर्ड्याबाहेर आम्ही आयुष्यात पहिल्यांदा रोस ऑम्लेट खाल्लं. कोंबडीच्या रश्शात ऑम्लेट बुडवून ठेवलेलं आणि सोबत पाव. डावऱ्या म्हणला, "रस्सा पांढरा न्हाई, तांबडा न्हाई, ह्येला काय म्हणायचं?" पण दोन प्लेटा खाल्ल्या त्यानं.

रात्री आठची मॅच. आता खरं सांगतो, मला त्या मॅचमधला रियान ब्रूस्टर आठवतो. लिव्हरपूल क्लबचा पोरगा, नऊ नंबरची पोझिशन (म्हणजे सगळ्यात पुढं, गोल मारायचा माणूस), पहिल्या पंधरा मिनिटांत दोन गोल, त्यातला दुसरा तर असा की गोलकीपर पुढं आलेला बघून बॉल त्याच्या डोक्यावरून अलगद सोडला. आख्खं स्टेडियम उभं. मग गिब्स-व्हाइटचा एक, अमेरिकेचा एक, आणि अगदी शेवटी पेनल्टीवर ब्रूस्टरची हॅटट्रिक. ४-१. मी मोबाईलवर व्हिडिओ घेत होतो आणि तो व्हिडिओ आजही माझ्याकडं आहे, सगळा हलतो, सगळा ब्रूस्टरच्या मागं मागं.

हाफटाइमला डावऱ्या मात्र वेगळंच बोलत होता. "त्यो डावरा बघ की." कुठला? "त्यो बारका. बॉल त्याच्याकडं यायच्या आधी बघ, बॉलकडं बघतच न्हाई, मान फिरवून मागं बघून घेतोय. एकदा न्हवं, दोनदा. बॉल आला की त्याला माहीत असतंय कुठं वळायचं." मी म्हणलं हो हो, आणि पाण्याची बाटली आणायला गेलो.

तो बारका फिल फोडेन होता.

आता हे लिहिताना मी ते नाव असं एका ओळीत लिहितोय जसं काही मला तेव्हाच वीज चमकल्यासारखं झालं. काही झालं नाही. मला त्या मॅचमधलं फोडेनचं एकही काम आठवत नाही, एक पास नाही, एक शॉट नाही. जगातला एक मोठा मिडफिल्डर माझ्यासमोर नव्वद-पंच्याण्णव मिनिटांच्या खेळात होता आणि मी दुसरीकडं बघत होतो, ह्याची मला गंमत पण वाटते आणि थोडी लाज पण.

एक आठवड्यानं, २८ ऑक्टोबरला, फायनल कोलकात्यात. ती घरी टीव्हीवर, ताई पण आलेली, बोलत नव्हती पण आलेली. समोर स्पेन. ह्याच दोन टीममध्ये मे महिन्यात क्रोएशियात युरोपची अंडर-१७ फायनल झाली होती आणि इंग्लंडनं जिंकत आलेली मॅच शेवटच्या क्षणी बरोबरी होऊ देऊन पेनल्टीवर घालवली होती. आणि आता पण अर्ध्या तासात स्पेन २-० पुढं. दोन्ही गोल सर्जिओ गोमेझचे. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर ६६ हजारांवर माणूस. मग हाफटाइमच्या तोंडावर ब्रूस्टरचा एक, नंतर गिब्स-व्हाइटचा, २-२. आणि ६९ व्या मिनिटाला हडसन-ओडोईचा बॉल आला आणि लांबच्या पोस्टपाशी तो बारका डावरा एकटाच उभा. नुसता पाय लावला. मग ग्वेहीचा चौथा, मग परत फोडेन, पाचवा. ५-२. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल फोडेनला, सगळ्यात जास्त गोलांचा, आठ गोलांचा, गोल्डन बूट ब्रूस्टरला.

डावऱ्याचा फोन. "बघितलास? तिथं कोण न्हवता त्याच्याजवळ. का न्हवता? आधी बघून ठेवलंय त्यानं."

त्या फायनलमधला एक योगायोग मला भारी आवडतो. इंग्लंडला दोन गोल मारून रडकुंडीला आणणारा तो सर्जिओ गोमेझ पुढं २०२२ मध्ये मँचेस्टर सिटीतच आला, फोडेनच्या ड्रेसिंग रूममध्ये. स्पेनचा फेरान टोरेस तर त्याच्याही आधी, २०२० ला. फुटबॉलचं जग आपल्याला वाटतं तेवढं मोठं नाही, आमच्या पेठांसारखंच आहे, आज समोरच्या तालमीतला उद्या आपल्यात.

फोडेन मूळचा स्टॉकपोर्टचा. मँचेस्टरच्या दक्षिणेला लागून असलेलं गाव, एकेकाळी टोप्या बनवण्यासाठी प्रसिद्ध, इतकं की तिथल्या स्टॉकपोर्ट काउंटी टीमला लोक आजही 'हॅटर्स' म्हणतात, टोपीवाले. म्हणजे आमच्याकडच्या टीमला चप्पलवाले म्हणल्यासारखं. त्या गावातल्या एजली भागातला हा पोरगा, जन्म २८ मे २०००, रेडिश व्हल्कन्स नावाच्या पोरासोरांच्या क्लबात खेळायचा, तिथून सिटीच्या लोकांनी उचलला. आणि ह्या सगळ्याचा टाइम बघा. सप्टेंबर २००८ मध्ये अबू धाबीच्या पैशानं मँचेस्टर सिटी विकत घेतली गेली तेव्हा हा आठ वर्षांचा होता. म्हणजे तो मोठा होत गेला तसा त्याच्याभोवती तो क्लब पण मोठा होत गेला. २०१४ च्या शेवटी सिटीनं स्टेडियमसमोर अकॅडमीचा जो प्रचंड कॅम्पस उघडला, त्यावर २० कोटी पौंड खर्च झाले असं म्हणतात, तेव्हा हा चौदाचा. शाळा पण चांगली, प्रायव्हेट, क्लबनं घातलेली. एवढं सगळं एका पोराच्या वाट्याला येणं म्हणजे नशीब आहे, पण असं नशीब त्या अकॅडमीत शेकडो पोरांच्या वाट्याला आलं आणि त्यातून निघाले ते मोजकेच, हे पण खरं.

सिटीचा कोच पेप गार्डिओलानं २०१७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दौऱ्यावर त्याला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध खेळवलं. मॅच सिटी २-० हरली, पण नंतर पेप बोलत राहिला तो ह्या सतरा वर्षांच्या पोराबद्दलच. आणि कोलकात्याच्या फायनलनंतर महिनाही झाला नव्हता, २१ नोव्हेंबरला फेयेनूर्डविरुद्ध चॅम्पियन्स लीगमध्ये (युरोपातल्या मोठ्या क्लबांची स्पर्धा) त्याला उतरवला. आपल्याकडं रात्रीचे पावणेतीन वगैरे झाले असतील तो मैदानात आला तेव्हा. मी जागा होतो, डावऱ्या जागा होता कारण त्याची शिरोलीला नाइट शिफ्ट होती, आणि तो फाउंड्रीत मोबाईलवर स्कोअर बघत होता. डिसेंबरात शाख्तारविरुद्ध तर सुरुवातीपासून खेळवला, तो पण डावा विंगबॅक म्हणून! मिडफिल्डच्या पोराला डिफेन्समध्ये. सिटी ती मॅच २-१ हरली, त्या सीझनमधला त्यांचा पहिलाच पराभव. डावऱ्या म्हणला, "बसवायला जागा न्हाई म्हणून दारात बसवलाय."

आणि ते खरंच होतं. जागा नव्हती. सिटीच्या मधल्या फळीत तेव्हा डाव्याच पायाचा डेव्हिड सिल्वा, शेजारी डी ब्रुइनं, मागं गुंडोगान, बाजूला बर्नार्डो सिल्वा. २०१७-१८ मध्ये सिटीनं १०० पॉइंट करून लीग जिंकली, त्यात फोडेन पाच मॅच खेळला, पाचही बदली म्हणून, शेवटची काही मिनिटं. पण पाच मॅच झाल्या म्हणजे मेडल मिळतं, त्यामुळं १७ वर्षं ३५० दिवसांचा असताना तो प्रीमियर लीगचं मेडल मिळवणारा सगळ्यात लहान खेळाडू झाला. रेकॉर्ड बुकात नाव आणि खेळायला मिळालं किती, तर आपण भाजी आणून येतो तेवढा वेळ.

इथून पुढची तीन वर्षं मला सगळ्यात जास्त इंटरेस्टिंग वाटतात आणि गंमत म्हणजे त्या तीन वर्षांत सांगण्यासारखं सगळ्यात कमी घडलं.

सिटीच्या अकॅडमीत त्या वेळी तीन पोरं होती ज्यांच्याबद्दल सगळे बोलायचे. जेडन सांचो, ब्राहिम डियाझ आणि फोडेन. सांचोनं ऑगस्ट २०१७ मध्येच ठरवलं की इथं आपल्याला कोण खेळवणार नाही, तो उठून जर्मनीला डॉर्टमुंडला गेला. भारतातल्या त्या वर्ल्ड कपला पण तो आला होता, तीन गोल केले आणि ग्रुप स्टेज संपल्यावर डॉर्टमुंडनं परत बोलावून घेतलं, म्हणून तो फातोर्ड्यात आम्हाला दिसला नाही. डियाझ जानेवारी २०१९ ला रिअल माद्रिदला गेला. राहिला एकटा फोडेन. २०१८-१९ मध्ये सांचो डॉर्टमुंडला गोलावर गोल मारत होता, इंग्लंडच्या मोठ्या टीममध्ये पण पोचला, आणि इकडं इंग्लंडमधले पेपरवाले, टीव्हीवरचे जुने खेळाडू सगळे एकच गाणं गायला लागले की फोडेननं जावं, निदान लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबाला उसना तरी द्या, पोरगं बेंचवर कुजतंय. आणि पेपचं उत्तर ठरलेलं, नाही. लोन नाही, विकणं तर नाहीच, कुणी पन्नास कोटी युरो देतो म्हणाला तरी नाही. तो इथंच शिकेल, रोज डेव्हिड सिल्वासोबत प्रॅक्टिस करतोय ते काय कमी आहे का.

मी त्या काळात पेपला भरपूर शिव्या दिल्यात. कारण थोडं पर्सनल होतं. मी तेव्हा एका कॉलेजात सीएचबीवर शिकवत होतो, तासिका तत्त्वावर म्हणतात त्याला गोड मराठीत, म्हणजे तासाला पैसे, ते पण सहा-सात महिन्यांनी एकदम, उन्हाळ्यात शून्य. नेट पास, जागा रिकामी, पण भरती बंद. दर जूनला नवीन ऑर्डर. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची पण ठरलेली नव्हती, जे परमनंट सर रजेवर असतील त्यांची. मला सगळे म्हणायचे, थांब, होईल, तुझ्यासारखा माणूस त्यांना सोडायचा नाही. म्हणून टीव्हीवर तो पोरगा सिटीचं जाकीट घालून बेंचवर हसत बसलेला दिसला की माझं डोकं फिरायचं. अरे हसतोस काय, उठ, जा कुठंतरी.

हे मी एकदा डावऱ्याला बोललो तर तो माझ्यावरच उखडला. त्याचं म्हणणं असं, बेंच-बेंचमध्ये फरक असतो. आणि मग त्यानं जे सांगितलं ते मला तोवर नीट माहीतच नव्हतं, एका पेठेत वाढून पण.

डावऱ्या सतरा-अठराचा असताना पेठेतल्या बऱ्यापैकी मोठ्या टीममध्ये होता. शाहू स्टेडियमवर तेव्हा पण भरून मॅच व्हायच्या, दोन पेठांची मॅच असली की दुकानं लवकर बंद. त्याला पण सांगितलं होतं, थांब, पुढच्या सीझनला तुझाच नंबर. तो दोन सीझन थांबला. थांबला म्हणजे काय केलं, तर सकाळी प्रॅक्टिस, दिवसभर एका गॅरेजमध्ये काम, मॅचच्या दिवशी खाडा, खाड्याचे पैसे कट, आणि संध्याकाळी बाकावर. कुणी त्याला सांगितलं नाही की तुझं काय चुकतंय, कुठं सुधार, कशासाठी थांब. "थांब म्हणणारा माणूस माझ्याकडं बघत पण न्हवता रं." तिसऱ्या सीझनला एका मॅचला खेळवला आणि विसाव्या मिनिटाला घोटा गेला. टाके नाहीत, फ्रॅक्चर नाही, नुसता सुजला. कुणीतरी लेप दिला, कुणीतरी चोळून दिला. दोन महिन्यांनी परत उतरला तर परत तोच घोटा. मग वडील म्हणले बास, आणि शिरोलीला चिकटवला.

"त्या पोराला रोज त्यो सिल्वा दिसतोय," डावऱ्या म्हणला. "त्यो कुठं थांबलाय? त्यो शाळेत बसलाय. थांबलो मी."

ह्यावर मी काही बोललो नाही. पण त्यानंतर मी फोडेनच्या मॅच वेगळ्या नजरेनं बघायला लागलो आणि दिसायला लागलं की पेप त्याला खरंच अगदी मोजून-मापून देत होता, जेवढं पचेल तेवढं. ऑगस्ट २०१८ ला कम्युनिटी शील्डला चेल्सीविरुद्ध सुरुवातीपासून, तिथं पळत जाऊन अग्वेरोला पहिला गोल काढून दिला. सप्टेंबरात लीग कपमध्ये ऑक्सफर्डविरुद्ध सिटीसाठी पहिला गोल. जानेवारीत रॉदरहॅमविरुद्ध एफए कपमध्ये एक. मार्चमध्ये शाल्केला ७-० धुतलं त्यात बदली म्हणून येऊन एक. लीगमध्ये सुरुवातीपासून पहिली मॅच मात्र ३ एप्रिल २०१९ ला, कार्डिफविरुद्ध, म्हणजे फेयेनूर्डच्या त्या रात्रीनंतर जवळजवळ दीड वर्षानं! त्या दिवशी त्यानं इतके चान्स घालवले, एक तर पोस्टला लागला, की मला वाटलं संपलं, आता परत बाकावर.

आणि मग २० एप्रिल. शनिवार होता, टॉटनहॅमविरुद्ध, आपल्याकडं संध्याकाळी पाचची मॅच. लोकसभेचं इलेक्शन, तीन दिवसांवर मतदान, बाहेर प्रचाराच्या रिक्षा कर्णे लावून फिरतायत. तीनच दिवस आधी ह्याच टॉटनहॅमनं सिटीला चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढलेलं, ती वेडी ४-३ ची मॅच, स्टर्लिंगचा शेवटच्या मिनिटाचा गोल व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ बघून, रद्द केला ती. लीगमध्ये लिव्हरपूल मानगुटीवर. एक मॅच घसरली की संपलं. आणि अशा मॅचला पेपनं अठरा वर्षांच्या फोडेनला सुरुवातीपासून उतरवला. पाचवं मिनिट. बर्नार्डोचा क्रॉस लांब अग्वेरोकडं, अग्वेरोनं डोक्यानं परत मधे ढकलला आणि तिथं, परत एकदा तिथं, गर्दीत हा पोहोचलेला आणि हेडर. पाच फूट सात इंचाचा पोरगा, लीगमधला पहिला गोल, आणि डोक्यानं. १-०, आणि मॅच तशीच १-० संपली. सीझन संपला तेव्हा सिटी ९८, लिव्हरपूल ९७. एका पॉइंटचा फरक. आता त्या सीझनमधला कुठलाही गोल काढून दाखवता येतो की हाच महत्त्वाचा, कॉम्पनीचा लेस्टरविरुद्धचा तर आहेच, पण माझ्या हिशेबात हा आहे.

मी डावऱ्याला फोन केला तर मागं प्रचाराचा कर्णा, काही ऐकू येईना. तो नुसता ओरडत होता, "डोक्यानं! लेका, डोक्यानं!"

एवढं होऊन पण पुढच्या सीझनला परत बेंच. ही गोष्ट लोक विसरतात. आता मागं वळून बघताना सगळं सरळ चढत गेल्यासारखं वाटतं पण २०१९-२० च्या पहिल्या अर्ध्यात तो लीगमध्ये फारसा दिसतच नव्हता. डेव्हिड सिल्वानं आधीच सांगितलेलं की हे माझं शेवटचं वर्ष, दहा वर्षं झाली, बास. म्हणजे खुर्ची रिकामी होणार हे नक्की, पण माणूस अजून खुर्चीत. (ह्या परिस्थितीवर मी जास्त बोलत नाही.) १ मार्च २०२० ला लीग कपच्या फायनलला व्हिलाविरुद्ध पेपनं त्याला सुरुवातीपासून खेळवला, त्यानं परत डोक्यानंच अग्वेरोला गोल काढून दिला आणि मॅन ऑफ द मॅच झाला. आता आला बाबा नंबर असं म्हणेपर्यंत दोन आठवड्यांत जग बंद. जूनमध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये फुटबॉल परत सुरू झालं, आर्सेनलविरुद्ध एक, बर्नलीविरुद्ध दोन. त्या उन्हाळ्यात सिल्वा गेला आणि क्लबनं त्याच्या जागी कुणालाही विकत घेतलं नाही. दरवर्षी दहा-वीस कोटी पौंड सहज उडवणारा क्लब, आणि त्या एका जागेसाठी पाकीट उघडलंच नाही. पेपवरचा माझा राग तिथं गेला.

पोरगं संत वगैरे नव्हतं हं. सप्टेंबर २०२० मध्ये आइसलंडला इंग्लंडच्या मोठ्या टीमकडून पहिली मॅच खेळला आणि लगेच कोविडचे नियम मोडले म्हणून घरी पाठवला. आख्ख्या इंग्लंडनं झोडपला. नोव्हेंबरमध्ये वेम्बलीला परत आइसलंडच समोर, आणि त्यानं दोन गोल मारले. वीस वर्षांचं वय. आम्ही वीस वर्षांचे असताना काय काय केलंय ते इथं लिहीत नाही.

त्याला मासे पकडायचा नाद आहे, तासन् तास तळ्याकाठी गळ टाकून बसतो असं वाचलं तेव्हा मी डावऱ्याला म्हणलं, बघ, म्हणून ह्याला थांबता आलं. डावऱ्या म्हणला, रंकाळ्यावर पण बसत्यात की लोक गळ टाकून, त्यातलं कोण सिटीत गेलं?

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. डॉर्टमुंडविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनलच्या दोन्ही मॅचला गोल, २०२१ आणि २०२२ दोन्ही वर्षी सर्वोत्तम तरुण खेळाडू, २०२३ ची ट्रेबल (एकाच सीझनला तीन मोठ्या ट्रॉफी), पाठीवर तोच ४७ नंबर. माझं पण २०२३ मध्ये झालं एकदाचं, दुसऱ्या कॉलेजात, दुसऱ्या जिल्ह्यात. ज्यांनी थांब म्हणलं होतं तिथं नाही.

१९ मे २०२४, लीगचा शेवटचा दिवस, वेस्ट हॅमविरुद्ध जिंकलं की सिटी सलग चौथ्यांदा चॅम्पियन, असं आधी कुणीच केलेलं नाही. मी सुट्टीला कोल्हापुरात, डावऱ्याच्या घरी, त्याच्या पोरीनं सरबत आणून दिलेलं. दुसऱ्या मिनिटाला फोडेननं बॉक्सच्या बाहेरून मारला, डाव्या पायानं, वरच्या कोपऱ्यात. अठराव्या मिनिटाला दुसरा. त्या वर्षीचा लीगचा सर्वोत्तम खेळाडू पण तोच. मी डावऱ्याकडं बघितलं, आता म्हणेल, मी तेव्हाच म्हणलं होतं. नाही म्हणला. मी मोबाईल काढून तो फातोर्ड्याचा व्हिडिओ लावला, साडेसहा वर्षांनी. सगळा हलतोय, सगळा ब्रूस्टर. एका ठिकाणी अर्ध्या सेकंदासाठी कोपऱ्यात कुणीतरी बारका दिसतो, बॉलकडं पाठ करून मागं बघणारा. तो फोडेनच असेल असं मी काही छातीठोक सांगू शकत नाही.

"ह्या नऊ नंबरवाल्याचं काय झालं रं?" डावऱ्यानं विचारलं. "हॅटट्रिक मारली त्यानं आपल्यासमोर."

मी सांगितलं. वर्ल्ड कपनंतर तीनच महिन्यांत, जानेवारी २०१८ मध्ये, लिव्हरपूलच्या अंडर-२३ कडून खेळताना मोठी दुखापत झाली, समोर सिटीचीच पोरं होती. वर्षाच्या वर बाहेर. मग २०२० ला शेफिल्ड युनायटेडनं बरेच पैसे देऊन घेतला, पहिल्या सीझनला लीगमध्ये एक पण गोल नाही. मग परत दुखापती. आत्ता ह्या सीझनला शेफिल्ड शेवटच्या नंबरवर, खालच्या लीगमध्ये गेली.

डावऱ्या टीव्हीकडं बघत होता, तिथं सगळे नाचत होते.

"पहिल्यांदा काय गेलं हुतं? गुडघा का घोटा?"

"घोटा."

त्यानं व्हिडिओ मागं घेतला, ब्रूस्टरच्या त्या दुसऱ्या गोलापाशी, गोलकीपरच्या डोक्यावरून सोडलेल्या, आणि परत बघितला. मग आवाज वाढवून परत एकदा.